ठिपका नसलेली डिस्क

जुनी गाडी बघायला कुणी एकटं जात नाही. बरोबर मेव्हणा असतो, एखादा जाणता मित्र असतो आणि जमलं तर ओळखीचा मेस्त्री असतो. सगळे मिळून बॉनेट उघडतात आणि विहिरीत डोकावल्यासारखे आत बघत उभे राहतात. मग कुणीतरी टायरला लाथ घालतो. एकजण दार चार वेळा उघडझाप करून "आवाज चांगला हाय" म्हणतो. टेप लावून बघतात. गाडी पळते कशी हे सगळे विचारतात. थांबते कशी हे विचारणारी माणसं मला माझ्या अख्ख्या धंद्यात मोजकीच भेटली.

माझं पोट त्या थांबण्यावर चाललं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं लेथचं दुकान होतं, लेथ म्हणजे धातू फिरवत तासायचं यंत्र. सुरुवातीला ट्रकचे आणि जीपचे ब्रेकड्रम कापायचो. पुढं नव्वदीनंतर छोट्या मोटारी गल्लोगल्ली दिसायला लागल्या आणि त्यांच्या पुढच्या चाकांना ड्रमऐवजी डिस्क आली. ज्यांचा याच्याशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगतो. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी बिडाची जाड थाळी. मध्ये टोपीसारखा उंचवटा असतो, तो चाकाच्या हबवर बसतो. ब्रेक दाबला की दोन बाजूंनी दोन पॅड ही थाळी चिमटीत धरतात आणि गाडी थांबते. वापरून वापरून थाळीवर चरे पडतात. तापलेली असताना गार पाण्यात गेली तर किंचित वाकडीही होते. मग ब्रेक दाबला की पायाखाली पॅडल थरथरतं आणि स्टिअरिंग हातात नाचतं.

यावर उपाय दोनच. थाळी लेथवर चढवून दोन्ही अंगांनी हलका कट मारायचा, त्याला आम्ही फेसिंग म्हणतो. नाहीतर ती भंगारात घालून नवी जोडी आणायची. फेसिंग स्वस्तात होतं, म्हणून गिऱ्हाइकाला तेच हवं असतं, आणि बऱ्याचदा तेवढ्यानं भागतंही. पण प्रत्येक कटाला थाळी पातळ होते. पातळ थाळी लवकर तापते आणि फार तापलेल्या थाळीवर पॅड धरत नाहीत. शहरात मंडईपर्यंत जाऊन येणाऱ्याला हे जन्मात कळणार नाही. लांब उतारावर मात्र पाय तळाला टेकलेला असतो आणि गाडी आपली चाललेलीच असते.

"सदामेस्त्री, फेस करू का नवी टाकू?" हा प्रश्न गिऱ्हाईक मला रोज विचारायचं. मी उलटा प्रश्न करायचो, "गाडी कुठं चालणार?" गिऱ्हाईक चिडायचं. "तुम्हाला काय करायचंय ओ? मी गोव्याला जाईन न्हायतर घरात लावून ठेवीन!"

थाळी किती पातळ चालते तो आकडा तिच्यावरच कोरलेला असतो. पण गंजाखाली तो दिसत नाही. साध्या मापानं जाडी मोजायला गेलं तर काठावरची गंजाची कड मापात येते आणि थाळी आहे त्यापेक्षा जाड भासते. म्हणून मी माझी एक पद्धत पाडली होती. एकदा कट मारला की थाळीच्या टोपीवर पंचानं, म्हणजे टोकदार पोलादी खिळ्यानं, एक ठिपका ठोकायचा. दुसऱ्यांदा आली की दुसरा. तीन ठिपके झाले की ती थाळी माझ्या लेथवर पुन्हा चढायची नाही, मग कुणी का आणेना. हळूहळू ही गोष्ट गारगोटीपासून गडहिंग्लजपर्यंतच्या मेस्त्रींना माहीत झाली. जुनी गाडी घेताना लोक चाकाच्या फटीतून बॅटरी मारून ठिपके मोजायला लागले. मला त्याचा फार अभिमान होता. सरकारी शिक्क्यापेक्षा आपल्या ठिपक्याला किंमत आहे असं मी चारचौघांत बोलूनही दाखवायचो. त्या अभिमानाची गोष्ट पुढं येणारच आहे.

गिऱ्हाइकं एकेक नमुने होती. एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर जुनी गाडी घेताना डॅशबोर्डवर पाण्यानं भरलेला स्टीलचा पेला ठेवून ब्रेक मारायचे. पाणी सांडलं तर ड्रायव्हर वाईट आणि पाण्यावर नुसतीच थरथर उठली तर डिस्क वाईट, असा त्यांचा हिशेब. तो मला कधी खोडता आला नाही.

गुळाचे एक व्यापारी होते. त्यांच्या गाडीचं पॅडल थरथरायचं. दुसरीकडं जाऊन त्यांनी दोनदा नव्या डिस्क घातल्या, तरी थरथर तशीच. मग माझ्याकडं आले. "मेस्त्री, पैशाकडं बघू नका, एक नंबर माल घाला." मी थाळी काढली. आत हबवर, जिथं थाळी टेकते तिथं, गंजाचा नखाएवढा पापुद्रा होता. त्यामुळं नवी थाळीसुद्धा तिरकी बसायची. मी पॉलिश पेपरनं हब घासला, त्यांचीच थाळी परत बसवली आणि चक्कर मारून या म्हटलं. आले ते तोंड पाडून. "गेलं की ओ! एवढ्यानंच?" दोन जोड्या फुकट गेल्याचं दुःख त्यांना थरथर गेल्याच्या आनंदापेक्षा मोठं झालं होतं. पण माणूस दिलदार. दिवाळीला गुळाची ढेप पाठवली आणि निरोप धाडला, "ही तेवढी फेस करू नका."

आता जे सांगायचं टाळत होतो ते सांगतो.

दिनकर म्हणून एक एजंट होता. जुन्या गाड्या घेऊन देणं-विकणं हा त्याचा धंदा. माणूस वाईट नव्हता. गाडी विकल्यावरही गिऱ्हाइकाचे फोन घ्यायचा, आणि एजंटात हा मोठाच गुण म्हणायचा. आषाढाच्या तोंडाला एके दुपारी तो पोत्यात घालून दोन डिस्का घेऊन आला. गाडी आणली नव्हती. मी पोतं उघडलं आणि टोपीवर माझेच तीन-तीन ठिपके दिसले.

"हे होणार न्हाय, दिनकर. नवी जोडी टाक."

"सदाभाऊ, कट मारू नका की. नुसतं वरचं चरे घालवा, झळाळी आणा. गावातलंच गिऱ्हाईक हाय, म्हातारं मास्तर. आठवड्यातनं एकदा देवळात जाणार."

"पातळ झालीया लई."

"म्हणून तर तुमच्याकडं आलो. एवढी पातळ थाळी न तापवता सरळ करायचं काम कोल्हापुरात दुसऱ्या कुणाला जमतंय सांगा."

मला कुणी पैशानं फोडू शकलं नसतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. पण या वाक्यानं मी फुटलो. हरभऱ्याच्या झाडावर चढलो. थाळी लेथवर चढवली. केसाएवढा कट घेतला, हत्यार इतकं हळू पुढं नेलं की थाळीला ऊब म्हणून लागू दिली नाही. काम आरशासारखं उतरलं. मग त्या चकचकीत थाळीला मधली गंजकी टोपी शोभेना, म्हणून तिच्यावरूनही हत्यार फिरवलं. हत्यार ठिपक्यांच्या जवळ आलं तेव्हा ते मला दिसले होते. मी लेथ थांबवला नाही. ठिपके गेले. नवीन ठोकायचे, तर कामाची शोभा जाईल असं वाटलं. दिनकरनं दोन्ही थाळ्या हातात घेऊन "आयला, कंपनीचा माल!" म्हटलं आणि मी खूश झालो.

दोन आठवड्यांनी गडहिंग्लजहून शौकत मेस्त्री एक ड्रम घेऊन आला. शौकत म्हणजे माझा जुना सोबती. त्या भागात जुनी गाडी घेणारा त्याला दाखवल्याशिवाय घ्यायचा नाही. ड्रम लेथवर चढवला आणि काम चालू ठेवून चहा घेत बोलत राहिलो.

"परवा एक गाडी पास केली बघा, सदाभाऊ. दिनकरची. तिकडं चंदगडाच्या वाटंला इराण्णा म्हणून दुकानदार हाईत, त्यास्नी घेऊन दिली."

"दिनकरची? कसली गाडी?"

"पांढरी. इंजिन ठीकठाक. पर डिस्का एकदम नव्या! तुमचा एक ठिपका न्हाय की काय न्हाय. आरशागत थाळी. मी म्हटलं, घ्या डोळं झाकून."

"मोजल्या न्हाईस?"

"मोजायचं कशाला? तुमचा ठिपका न्हाय म्हंजे कट बसल्याला न्हाय. आमच्याकडं शेंबडं पोरगंबी सांगंल."

मी लेथ बंद केला. ठिपका मी लोकांच्या भल्यासाठी ठोकत होतो. पण लोकांनी त्यातून दुसरीही गोष्ट शिकून घेतली होती, ती माझ्या डोक्यात कधी आलीच नव्हती. ठिपका नाही, म्हणजे भरवसा. मी तीन ठिपके पुसले आणि माझ्याच नावानं त्या मरायला टेकलेल्या थाळीला नवेपणाचा दाखला दिला. मास्तर बहुतेक मध्येच मागं सरले असतील. दिनकरनं मिळालं ते गिऱ्हाईक धरलं.

"त्यांचं गाव कुठं आलं?"

"वर सड्यावर, डोंगराच्या माथ्याला. खाली यायला नुसता उतार आणि वळणं. म्हणून तर गाडी घेतली. लेक पोटुशी हाय त्यांची, गौरी. आठवा सरत आलाय. पहिलं पोर गेलं तिचं. असाच पावसाळा, वस्तीची एसटी आली न्हाय, जीप मिळंपर्यंत उशीर झाला. इराण्णा म्हटले, आता दारात गाडी पायजे म्हंजे पायजे."

कळा सुरू झाल्या की बाप त्या लेकीला गाडीत घालणार, भीतीनं जोरात हाकणार आणि प्रत्येक वळणावर ब्रेक दाबणार. त्या डिस्का तशा वापरासाठी नव्हत्याच. मी शौकतला सगळं सांगितलं. त्यानं हातातला कप खाली ठेवला. नाव माझं गेलं होतं, तसं त्याचंही.

इराण्णांच्या दुकानात फोन होता, पण लागेना. पावसात तिकडचे फोन आठ-आठ दिवस मुके व्हायचे. मी शाहूपुरीतून नव्या डिस्कांची जोडी आणि नवे पॅड घेतले, हत्यारांची पिशवी भरली आणि आम्ही दोघं एसटीनं गडहिंग्लजला गेलो. तिथून शौकतच्या मोटारसायकलवर. मांडीवर डिस्का आणि तोंडावर पावसाचा मारा. ती वळणं चढताना मी प्रत्येक वळणाशी खालच्या दरीकडं बघत होतो आणि मनात दुसरं काहीच येत नव्हतं.

दारात गाडी नव्हती. इराण्णा लेकीला घेऊन गडहिंग्लजला तपासणीसाठी गेले होते, म्हणजे उतार उतरून गेले होते. घरात त्यांची बायको होती. सगळा गाव त्यांना गंगाक्का म्हणायचा. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची पेटी, आवाज खणखणीत.

"या की पावणं, भिजलासा की. शौकतभाऊ, हे कोण?"

"सदामेस्त्री. कोल्हापूरचे."

"ठिपक्याचे?" त्या हसल्या. "आवंदा तुमचं नाव लई ऐकलंय. बसा. भाकरी वाढते."

भाकरी समोर आली. मी ताट बाजूला सरकवलं आणि जे झालं ते सांगून टाकलं. दिनकरचं नाव घेतलं नाही, कारण हत्यार माझ्या हातात होतं. गंगाक्कांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं ते एवढंच, "म्हंजे आत्ता ती दोघं खाली गेल्यात, तवा ब्रेक लागला असंल का न्हाय?"

"एकदा उतरायला लागला असंल, अक्का. पण..."

"पण काय?"

"प्रत्येक वेळी लागंलच असं न्हाय."

त्या उठल्या आणि उंबऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. पाऊस पडत होता. पुढचा तासभर त्या तिथून हलल्या नाहीत आणि आमच्याकडं वळूनही बघितलं नाही. त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. शौकत ओसरीवर बसून ओल्या टोपीचं पाणी पिळत होता. ती एव्हाना कोरडी झाली होती, तरी पिळत होता.

मग खालून गाडीचा आवाज आला. इराण्णा उतरले, मागून गौरी उतरली, कमरेवर हात ठेवून. गंगाक्कांनी तिला हाताला धरून थेट आत नेलं. इराण्णा बारीक चणीचे, भिडस्त. आम्हाला बघून म्हणाले, "बरं झालं आलासा. जाताना खालच्या वळणावर जरा करपल्यागत वास आला. पॅडलबी आत गेल्यागत वाटलं. नवीन डिस्काचा वास येतोय म्हणायचा?"

मी जॅक लावला, चाक काढलं, थाळी काढून त्यांच्या हातात दिली आणि बोटानं दाखवलं. काठापासून आत केसासारखी एक बारीक चीर गेली होती. चढ चढून आलेल्या गाडीची थाळी कोमटच होती. मी परत सगळं सांगितलं, आधी बायकोला सांगितलं तसंच. इराण्णांनी ती चीर दोनदा नखानं चाचपली आणि ते खाली बसले.

"शौकतभाऊ, तुम्ही डोळं झाकून घ्या म्हटलासा."

"व्हय," शौकत म्हणाला. "माझंच झाकलं होतं."

आम्ही दोघांनी मिळून काम केलं. हब घासला, नव्या थाळ्यांवरचं तेल पुसलं, पॅड घातले. नव्या पॅडची थाळीशी ओळख व्हावी लागते, म्हणून सड्यावरच्या सपाट रस्त्यावर इराण्णांना बसवून हळूहळू वीस-पंचवीस वेळा ब्रेक मारायला लावले. दर वेळी थाळीजवळ हात नेऊन किती तापते ते बघत होतो. काम चोख झालं. मी हात पुसले आणि म्हटलं, "झालं बघा. आता बिनघोर जावा."

गंगाक्का बाहेर आल्या. त्यांनी गाडीचं मागचं दार उघडलं.

"बसा आत."

"मी?"

"तुम्हीच. गौरी बसत्या त्या जाग्यावर. आधी तुम्ही खाली जाऊन यायचं, मग माझी लेक."

इराण्णा संकोचले. "अगं, पावणं हाईत ते..."

"पावणं हाईत म्हणूनच बसा म्हंत्ये. न्हायतर चालत जावा म्हटलं असतं."

मी मागं बसलो. त्या माझ्या शेजारी बसल्या. शौकत पुढं बसला, त्याला कुणी सांगितलंही नव्हतं. त्या म्हणाल्या, "जोरात घ्या ओ. कळा सुरू झाल्यावर घ्याल तसं."

आणि इराण्णांसारख्या भिडस्त माणसानं ती गाडी अशी सोडली की काय सांगू. मी आयुष्यभर ब्रेकचं काम केलं होतं, हजारो थाळ्या हातांखालून घातल्या होत्या, पण त्यातल्या एकीच्याही भरवशावर असा उतार उतरलो नव्हतो. नव्या थाळ्या होत्या, माझ्या हातानं बसवलेल्या होत्या, त्यांच्यात काही खोट नाही हे मला पुरतं ठाऊक होतं. तरी पहिल्या वळणाला मी समोरची सीट दोन्ही हातांनी धरली. दरी खिडकीत येऊन बसल्यासारखी दिसत होती. ब्रेक लागला, गाडी वळली, पुन्हा सुटली. पुन्हा वळण, पुन्हा ब्रेक. माझ्या पायाखाली पॅडल नव्हतं तरी माझा पाय दाबला जात होता. गौरी इथं बसली होती, आठ महिन्यांचं पोट घेऊन, माझ्या झळाळीच्या भरवशावर. हा विचार मनात आला आणि मला तिथं गाडीतच रडू फुटलं.

खाली ओढ्याच्या पुलाशी गाडी थांबली. कसला वास नाही, थरथर नाही. गंगाक्कांनी माझ्याकडं नीट बघितलं.

"भ्या वाटलं का, मेस्त्री?"

"वाटलं, अक्का."

"मग ठीक हाय." त्यांनी पदरानं खिडकीवरची वाफ पुसली. "फिरवा ओ गाडी. भाकरी तशीच ऱ्हायलीया त्यांची."

त्या दिवशी मी दोन भाकरी खाल्ल्या. दिनकरला पुढं मी फार बोललो आणि त्यानं ऐकून घेतलं. त्यानंही ती गाडी फसवायची म्हणून विकली नव्हती. त्याला थाळी चकचकीत दिसली होती, मला माझा हात चकचकीत दिसला होता. पुढं मेस्त्री लोकांना मी जमेल तिथं सांगत राहिलो की ठिपका असो-नसो, थाळीची कड घासून आधी जाडी मोजा. बऱ्याच जणांना वाटलं, म्हातारा विनयानं बोलतोय.

तीन आठवडे मी दुकानात फोनजवळच काम काढून बसत होतो. लेथचा आवाज चालू असला तरी कान तिकडं. शेवटी एका सकाळी फोन वाजला. लाइन खरखरत होती, पण आवाज इराण्णांचा होता.

"मेस्त्री, गडहिंग्लजवरनं बोलतोय, दवाखान्यातनं. पहाटं कळा सुरू झाल्या. आलो घेऊन. नात झाली. दोघी ब्येस हाईत."

मी म्हटलं, "उतारावर पॅडल थरथरलं का?"

मग लांबून गंगाक्का विचारताना ऐकू आल्या, "काय म्हंत्यात ओ?"

"ब्रेक कसा लागला म्हणून इचारत्यात."

"मग सांगा की, ब्येस लागला म्हणून. पोरीचं मागनं इचारतील. आधी त्यास्नी ते ऐकू द्या."